दहापैकी साडेआठ

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या डिस्पॅचकाकांच्या परवानगीशिवाय आजवर कुणालाही ताप आलेला नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. खोटं वाटत असेल तर कुठल्याही कारखान्यातले जुने रजेचे अर्ज काढून बघा. माणूस लेथवरचा असो, पॅकिंगचा असो नाहीतर गेटवरचा वॉचमन, अर्ज इंग्रजीतच हवा असा तिथला न लिहिलेला कायदा. हा कायदा कुणी केला, कुणाच्या सोयीसाठी केला आणि निफाड-येवल्याच्या माणसाला ताप इंग्रजीत का म्हणून यावा, यावर मी दोन पत्रकं काढलेली आहेत, ती इथे पुन्हा छापत नाही. मुद्दा असा, की काकांच्या आधी अंबडची माणसं 'सफरिंग बाय फीवर', 'सफरिंग इन फीवर', 'सफरिंग ऑन फीवर' अशी वाट्टेल तशी आजारी पडत. काकांनी एकेकाला धरून 'सफरिंग फ्रॉम'वर आणलं. आधी अर्जात 'फ्रॉम' भरायचा, मगच अंगात ताप भरायचा, अशी शिस्त लागली. एक कामगार खरोखरच फणफणलेला असताना काकांनी त्याला अर्ज तीनदा लिहायला लावला आणि तिसऱ्या अर्जापर्यंत त्याला घाम फुटून ताप उतरला, असं सांगतात. सांगणारा तोच कामगार आहे, तेव्हा यात थोडी भर असणारच.

काका मूळचे चांदवडकडचे, कांदा पिकवणाऱ्या घरातले. सगळी नोकरी त्यांनी अंबडच्या एका कारखान्यात डिस्पॅच खात्यात काढली. परदेशी जाणाऱ्या खोक्यांबरोबरची कागदपत्रं टाइप करायची आणि येणारं-जाणारं टपाल रजिस्टरमध्ये चढवायचं, एवढंच काम. मोठे साहेब मोठमोठे इंग्रजी शब्द सांगत आणि काका त्या शब्दांमधले बारके शब्द, इन, ऑन, ॲट, टू, फॉर, गुपचूप दुरुस्त करून टाइप करत. साहेबांना वाटे, आपलं इंग्रजी सुधारतंय. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून त्यांनी कारखान्यासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक स्टूल आणि अर्धं टेबल पटकावलं. फी काही नाही, फक्त चहा, तोही गार करून. कारण चहा आला की नेमकी समोरच्या कागदावर चूक सापडायची आणि चूक सापडली की काकांना कप दिसत नसे. आणि हाच माणूस तोंडाने इंग्रजीतलं एक वाक्य बोलत नसे. कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तर 'राम राम' म्हणून मोकळे. "बोलायची भाषा नाय ती, लिव्हायची हाय," हे त्यांचं मत, आणि मतं बदलायची त्यांना सवय नव्हती.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात. मी कंत्राटी कामगारांमध्ये काम करते. पाळी सुटताना गेटवर पत्रकं वाटायची, एका बाजूला कामगारांसाठी मराठी, दुसऱ्या बाजूला कामगार खात्यातल्या साहेबांसाठी इंग्रजी. एकदा वाटलेल्या पत्रकाची एक प्रत दुसऱ्या दिवशी माझ्या हातात परत आली. मराठी बाजू जशीच्या तशी, इंग्रजी बाजू लालभडक. वर कोपऱ्यात गोल करून चार. दहापैकी चार. मी तणतणत झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि हे काय म्हणून विचारलं. काकांनी मान वर न करता एका ओळीवर पेन टेकवलं.

"ताई, इथं तुम्ही लिव्हलंय, वी आर फायटिंग फॉर इनजस्टिस. अन्याय पायजे का तुम्हाला? मागायची काय गरज, गेटात गेलं की फुकट भेटतो."

मी त्यांना सुनावलं. इंग्रजी ही या देशात भाषा नाही, कुंपण आहे, गरिबाला बाहेर ठेवायला घातलेलं, आणि तुम्ही त्या कुंपणाची राखण करताय, वगैरे. माझं हे भाषण सभेत चांगलं चालतं. काकांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुंपण हाय ना? मग फाटक कुठं हाय ते ठाऊक पायजे. तारेवरून उड्या मारल्या की कपडे फाटतात." पुढचं पत्रक मी छापायच्या आधी त्यांच्याकडे नेलं. त्यानंतर तीन वर्षं नेत राहिले. साहेबांच्या केबिनचं दार मी न विचारता ढकलते, पण काकांनी लाल पेनाचं टोपण काढलं की मी दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहायचे. सातच्या वर मार्क मला कधी मिळाले नाहीत.

शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची. टेबलावर एक स्टीलचा डबा आणि गावाकडून आलेला एक कांदा. कांदा डब्यात गेला की 'इन', झाकणावर बसला की 'ऑन', मग खाली, मागे, शेजारी. लांबून डब्याकडे सरकत आला की 'टू', डब्यातून टुणकन बाहेर पडला की 'आउट ऑफ'. पाळी सुटलेले लोक बसची वाट बघत हा कांद्याचा प्रवास बघायला थांबायचे. एकदा पॅकिंगमधल्या एका बाईने विचारलं, काका, मला कंत्राटदाराने ब्रेक दिलाय. कामावरून काढलंही नाही आणि कामावर ठेवलंही नाही. माझा कांदा कुठे ठेवणार? काकांनी कांदा डब्याजवळ नेला, मागे घेतला. मग तो त्यांनी तिच्या पिशवीत टाकला. त्या दिवशीचा वर्ग तिथेच सुटला. नंतर मला म्हणाले, "मोठे शब्द कुणीबी पाठ करतं. पण कोण कुणासाठी, कोण कुणापासून लांब, ते सगळं ह्या बारक्या शब्दात असतंय. तिथं चुकलं की माणूस चुकतं." त्यांनी हे पत्रकाबद्दल म्हटलं असं मी तेव्हा धरून चालले.

पाट्यांशी तर त्यांचं वैरच होतं. एका खिशात लाल पेन आणि दुसऱ्या खिशात खडू ठेवून हा माणूस रस्त्याने चालायचा. सलूनची पाटी, क्लासची पाटी, पार्किंगची पाटी, कशालाच सोडलं नाही. पण कळस झाला तो लेथवरच्या एका पोराच्या बहिणीच्या लग्नात. लॉन्सवर मोठं स्टेज, पाठीमागे थर्माकोलची चमकी लावलेली इंग्रजी अक्षरं: सागर वेड्स विथ पूजा. सगळे पाकीट देऊन, हात जोडून, फोटो काढून उतरत होते. काका स्टेजवर चढले आणि नवरानवरीच्या मागे जाऊन त्यांनी 'विथ'ची चारही अक्षरं सोलून काढली, शर्टाच्या आत कोंबली आणि मग फोटोला उभे राहिले. त्या जोडप्याच्या अल्बममध्ये आजही दोन नावांच्या मध्ये डिंकाचे डाग आहेत आणि शेजारी छाती फुगलेले काका आहेत. नवरीच्या आईने अपशकुन झाला म्हणून आकांत मांडला. काका तिला शांतपणे म्हणाले, "बाई, आता दोघांच्या मधी कोणी नाय. सुखात राहतील." आणि खरंच राहिले. वर्षाने पेढे द्यायला तीच बाई दुकानात आली.

मी तेव्हा हसून हसून बेजार झाले होते. इतरांच्या लग्नात एवढा उत्साह असलेल्या या माणसाच्या स्वतःच्या घरात लग्न झालं की नाही, हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं. जगाला प्रश्न विचारणारी माणसं जवळच्या माणसाला फारसे प्रश्न विचारत नाहीत.

मग एकदा चार दिवस स्टूल रिकामं राहिलं. काकांना ताप होता. मी पत्रक घेऊन त्यांच्या सिडकोतल्या खोलीवर गेले आणि दारातूनच विचारलं, अर्ज दिला का? ते हसले नाहीत. मी चहा ठेवला. साखर शोधताना फळीवर एक जाड रजिस्टर सापडलं, ऑफिसात असतं तसं, आवक-जावकचं. पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात 'कन्या' असं लिहिलेलं. मी उघडलं. पत्र आल्याची तारीख, विषय, मार्क, परत पाठवल्याची तारीख. पानंच्या पानं.

हकीकत त्यांनीच सांगितली, तुटक तुटक. बायको गेली तेव्हा मुलगी चौथीत होती. पाचवीपासून वसतिगृहात घातली. नियम असा, की दर आठवड्याला बाबांना एक पत्र इंग्रजीत लिहायचं. बाबा ते लाल पेनाने तपासणार, वर मार्क देणार आणि तेच पत्र परत पाठवणार. तिला लागतील तेवढी पाकिटं पत्ता घालून ते आधीच देऊन यायचे. पहिल्या पानावर दोन, दीड, दोन. विषय 'मेसचं जेवण', 'गॅदरिंग', 'ताप'. पुढे चार, पाच. 'दहावी.' 'नर्सिंगला नंबर लागला.' फोन आले, सगळं जग फोनवर लिहायला लागलं, पण या दोघांचं टपाल थांबलं नाही. फोनवर लाल पेन चालत नाही, हे काकांचं कारण. शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची: 'लग्न.' मार्क साडेआठ. त्याच्याखाली पट्टीने आखलेल्या रिकाम्या ओळी, पान संपेपर्यंत, आणि पुढच्याही पानावर.

मी विचारलं, ती पत्रं कुठे आहेत? काका म्हणाले, सगळी परत धाडली ना. तिच्याकडं असतील. म्हणजे या माणसाच्या घरात पोरीच्या हातचं एक अक्षर नव्हतं. नुसत्या तारखा होत्या.

मुलगी घाटापलीकडे, पेठ गावाच्या पुढे एका आरोग्य केंद्रात नर्स होती. तिथल्याच आश्रमशाळेतल्या एका मास्तराशी लग्न करायचं तिने ठरवलं. मुलगा त्या डोंगरातला, आदिवासी. ते तिने पत्रात सरळ लिहिलं होतं, आणि शेवटी विचारलं होतं, बाबा, तुम्ही याल ना? नेहमीप्रमाणे पत्र तपासून परत गेलं. त्यानंतर तिचं पत्र आलं नाही, लग्न झाल्याचं तेवढं कानावर आलं.

मी पेटलेच. अंगात ताप असलेल्या म्हाताऱ्यासमोर उभी राहून मी गेटसभेतलं भाषण ठोकलं. जात पोटात ठेवून ओठात सभ्यता ठेवणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, आणि तुम्ही त्यांच्यातलेच निघालात, इथपर्यंत बोलले. काकांनी तेही पूर्ण ऐकून घेतलं.

"पोरगा चांगला हाय," ते म्हणाले. "मी कुठं नाय म्हणलो?"

"हो तरी कुठे म्हणालात?"

"साडेआठ दिले ना. कधी दिले व्हते का येवढे?"

मी विचारलं, "काका, तिने 'याल ना' असं विचारलं होतं. त्याच्यापुढे काय लिहिलंत?"

"त्या वाक्यात चूकच नव्हती. मग तिथं काय लिव्हायचं?"

एवढं बोलून ते उठले आणि कॉटखालची ट्रंक त्यांनी ओढली. आत एक शर्ट होता, पांढरा, शिंप्याच्या घडीतला, टाचण्यांसकट. लग्नासाठी शिवलेला. तारीख कळवील म्हणून वाट बघत होतो, म्हणाले. तिकडे ती होकाराची वाट बघत बसली, इकडे हे तारखेची. मधे चार वर्षं गेली. मी मनातल्या मनात आख्खं पत्रक जुळवून ठेवलं होतं आणि दोष कुणाच्या नावावर लिहायचा तेच कळेना. समोर कुणी गुन्हेगार नसला की माझ्यासारखीची फार पंचाईत होते. शेवटी जे सुचलं ते तोंडावर बोलले: "काका, पत्राला उत्तर द्यायचं असतं. तुम्ही जन्मभर पेपर तपासलेत." काकांनी माझ्या हातातला कप घेतला आणि चहा गरम असतानाच पिऊन टाकला.

उत्तर लिहायला त्यांना आठ दिवस लागले. मी म्हटलं, मराठीत लिहा, मोकळेपणी लिहा. नको म्हणाले, आमच्या दोघांची हीच भाषा. अर्धं टेबल चुरगळलेल्या कागदांनी भरलं. नवव्या दिवशी त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला आणि त्यावर आपलं लाल पेन ठेवलं. "तपासा," म्हणाले. तीन वर्षं मी या घटकेची वाट बघत होते. पत्र पानभरसुद्धा नव्हतं. साडेआठचा अर्थ हो असा होता. मुलगा चांगला वाटला. शर्ट शिवून ठेवला आहे. तुझी आई असती तर तिने तेव्हाच बस धरली असती. आणि सगळ्यात शेवटी, 'आय ॲम वेटिंग टू यू.'

मी थांबले. डबा आणि कांदा समोरच होते. ज्या माणसाने आख्ख्या अंबडला वाट कुणा'साठी' बघायची ते शिकवलं, त्याच्या हातून ही ओळ उतरली होती. पेनाचं टोपण मी काढलेलं होतं. वर पाहिलं तर काका रस्त्याकडे बघत होते, कांदा या हातातून त्या हातात घेत. चूक दिसली की गप्प बसायचं नाही, एवढं एकच तत्त्व मी आजवर पाळलं आहे. त्यापायी नातेवाईक गेले, एक नोकरी गेली. त्या दिवशी मी टोपण लावलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"मार्क?"

"मार्क ती देईल."

पत्र गेलं. मग काकांचं स्टूल फिरलं. आजवर ते कारखान्याच्या गेटाकडे तोंड करून असायचं, ते आता पोस्टमनची सायकल येते त्या कोपऱ्याकडे झालं. एकोणीस दिवस. अर्ज समोर येत, काका ते न वाचता पुढे सरकवत. त्या दिवसांत अंबडमध्ये माणसं पुन्हा 'बाय', 'इन', 'ऑन' अशी कशीही आजारी पडली आणि सगळ्यांच्या रजा मंजूर झाल्या. यातून काकांनी आणि कंपन्यांनी काय बोध घ्यायचा तो घ्यावा.

विसाव्या दिवशी पाकीट आलं. आत दुसरं काही नव्हतं, काकांचंच पत्र. शेवटच्या ओळीतल्या 'टू'भोवती लाल गोल, वर बारीक अक्षरात 'फॉर'. डोक्यावर कोपऱ्यात साडेनऊ. बाकी एक शब्द नाही. मला संतापच आला. बापाने एवढं काळीज काढून लिहिलं आणि बाईला चार ओळी लिहिता येऊ नयेत? काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"ताई, चूक शेवटच्या ओळीत व्हती," ते म्हणाले. "म्हणजे तिनं शेवटपर्यंत वाचलं."

मग पिशवीतून त्यांनी रजिस्टर काढलं. चार वर्षांपूर्वी आखून ठेवलेल्या पहिल्या रिकाम्या ओळीत तारीख घातली, आवक. विषयाच्या रकान्यात थोडा वेळ पेन थांबलं. 'बोलावणे' असं लिहिलं. मला काही कळेना, पाकिटात बोलावणं कुठे होतं? मग उमगलं. त्या घरात हो असंच म्हणतात. बापाने साडेआठ देऊन म्हटलं होतं, लेकीने साडेनऊ देऊन म्हटलं.

रविवारी मी त्यांना पेठच्या बसमध्ये बसवायला गेले. अंगात तो पांढरा शर्ट, चार वर्षांच्या घड्या पाठीवर तशाच उठलेल्या. कॉलरमध्ये एक टाचणी राहिली होती, ती मी काढली. पिशवीत डबा, गावाकडचे कांदे आणि रजिस्टर. गाडी सुरू झाली तेव्हा मला राहवलं नाही, खिडकीशी जाऊन विचारलं, काका, ती चूक तुम्ही मुद्दाम ठेवली होती का?

"पोरी," ते म्हणाले, "जन्मभर टायपिंग केलंय मी." तीन वर्षं मी ताई होते. गाडी हलल्यावर माझ्या ते लक्षात आलं.

काका आठ दिवसांसाठी गेले होते, ते तिकडेच राहिले. दोन वर्षांची एक नात आहे, तिला बोलता येण्याआधीच कांदा आणि डबा दाखवायला सुरुवात झाली, असं कळलं. चांगलंच झालं. मला आनंद आहे. पण झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या स्टुलावर आता टोनरची खोकी ठेवतात, आणि पाळी सुटताना मी गेटवर उभी असले की कुणाच्या तरी हातात माझा लाल झालेला कागद दिसेल म्हणून उगाच तिकडे बघते. दर पत्रकाची एक प्रत मी पेठला टाकते. ती तपासून यायची. एकदा तर साडेसात मिळाले, ते मी दुकानात सगळ्यांना दाखवले.

गेल्या पत्रकाच्या शेवटच्या ओळीत मी एक चूक ठेवली आहे. ते पोस्टात टाकून महिना होऊन गेला. तिकडे घाटात दरड पडली की टपाल रखडतं, हे मला माहीत आहे. काकांचा हात आता थरथरतो, असं मुलीने मागे एकदा पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, तेही माहीत आहे. त्याच पत्रकाच्या प्रती गेटवर वाटायच्या अजून शिल्लक आहेत, गठ्ठा टेबलावर पडलाय आणि शेजारी लाल पेनही आहे. चूक दोन मिनिटांत सुधारता येईल. मी सुधारत नाही.